राणीछाप रुपयाला ग्रेड लावून घ्यावी का?

चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेला, तसे कोल्हापुरात देव्हाऱ्यांतले आणि कपाटांतले जुने रुपये बाहेर यायला लागले. गुजरीत एखाद्या सराफाच्या पेढीवर थोडा वेळ थांबा, कुणीतरी रुमालात गुंडाळून आणलेली राणीछाप नाणी तराजूत टाकताना दिसेल. आणि फोनवर वेगळेच व्हिडिओ फिरत असतात: अमुक सालाचा रुपया लाखाला गेला, तमुक नाण्याला 'एमएस ६५' मिळालं. नाणं तेच असतं. कुणी ते मोडीत घालतो, कुणी त्यावर लाखाची आशा धरतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू सासूबाईंची चंची घेऊन घरी आल्या. आत अकरा रुपये होते. "नातू म्हणतोय, ग्रेडिंग करून आणलं की एकेकाचे लाख होतात. खरं हाय काय रे हे?" हो किंवा नाही म्हणून सुटण्यासारखा प्रश्न नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून जो विचार केला, तो इथे सविस्तर मांडतो.

ग्रेडिंग म्हणजे काय करतात

तुम्ही नाणं एका कंपनीकडे पाठवता. तिथले जाणकार आधी ते खरं आहे की बनावट हे पाहतात. मग ते किती झिजलंय, त्यावर ओरखडे किती, मूळची चकाकी किती शिल्लक आहे हे बघून त्याला १ ते ७० मधला एक आकडा देतात. हा आकडा म्हणजे ग्रेड. शेवटी नाणं टणक पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद होतं आणि आत एका चिठ्ठीवर साल, ग्रेड, नोंदणी क्रमांक छापलेला असतो. या बंद आवरणाला संग्राहक स्लॅब म्हणतात. मी पुढे नुसतं डबी म्हणेन.

या कामात जगभर ज्यांचं नाव चालतं त्या दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या आहेत. पीसीजीएस १९८५ साली निघाली, एनजीसी १९८७ साली. त्याआधी नाण्याची प्रत विकणाराच सांगायचा, आणि घेणाऱ्याला त्याच्यावर नाहीतर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागायचा. आपल्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात तेव्हा शेतकऱ्याला आपला रवा, म्हणजे गुळाची ढेप, पिवळाधमक दिसतो, व्यापाऱ्याला तोच काळपट वाटतो. दोघांचाही त्यात पैसा गुंतलेला असतो. ज्याला ना विकायचं आहे ना घ्यायचं आहे, अशा तिसऱ्याने रंग सांगितला तर वाद मिटतो. ग्रेडिंग हे त्या तिसऱ्या माणसाचं काम आहे.

हे ७० आकड्यांचं माप विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलं. त्याच्या कल्पनेत १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं आणि ७० म्हणजे निर्दोष, त्याची किंमत पहिल्याच्या सत्तरपट. किमतीचं ते गणित फार काळ टिकलं नाही, माप मात्र टिकलं. आज ६० ते ७० हे आकडे चलनात कधीच न फिरलेल्या नाण्यांना मिळतात. 'एमएस' म्हणजे मिंट स्टेट, टांकसाळीतून निघालं तसं. हातोहात फिरून झिजलेली नाणी ६० च्या खाली येतात. आपल्या घरातली बहुतेक नाणी या खालच्या भागात असतात. किमतीच्या मोठ्या उड्या मात्र वरच्या टोकाला, ६३, ६४, ६५ च्या आसपास असतात, आणि तिथला फरक साध्या डोळ्यांना धड दिसतही नाही.

फॅट मोजतात, ग्रेड ठरवतात

दूध संस्थेत फॅट लागते तेव्हा यंत्र आकडा देतं. तेच दूध पुन्हा घातलं तर आकडा जवळपास तोच येतो. नाण्याच्या ग्रेडचं तसं नाही. एकापेक्षा जास्त जण नाणं स्वतंत्रपणे पाहतात, आपापला आकडा देतात आणि मग एक ज्येष्ठ जाणकार शेवटचा निर्णय घेतो. गुणांवर गेलेल्या कुस्तीत पंच निकाल देतात, तसं हे आहे. निकाल अनुभवाने दिलेला असतो, नियमात असतो, पण शेवटी तो माणसाच्या नजरेचा निकाल असतो. एकच नाणं दोनदा पाठवलं तर एकदा ६३ आणि एकदा ६४ येऊ शकतं.

मग अशा मतासाठी पैसे का मोजायचे, असं काकूंनी लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की मत देणाऱ्याचा त्या सौद्यात हिस्सा नसतो, आणि मोठ्या कंपन्या आपल्या निकालाची, विशेषतः नाणं अस्सल असल्याची, अटींसह हमी देतात. घेणारा लांब बसलेला असेल, नाणं हातात न घेता पैसे पाठवणार असेल, तर ती हमीच त्याला धीर देते.

म्हणून ग्रेडिंगला मी शंका मिटवण्याची सेवा समजतो. नाण्यात नसलेली किंमत ते घालू शकत नाही. शंकेमुळे अडकलेली किंमत तेवढी मोकळी करतं. पुढचं सगळं याच्यावरच ठरतं.

नाण्याची कातडी

इथे जरा थांबतो, कारण आपल्या घरांमध्ये सर्वांत जास्त नुकसान याच जागी होतं.

नाणं ठशाखाली दाबलं जातं तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. उजेडात नाणं हळूहळू फिरवलं की चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते, ती या रेषांमुळे. संग्राहक तिला लस्टर म्हणतात. ही नाण्याची कातडी आहे. एकदा गेली की परत येत नाही. पॉलिश केलं तर नाणं चमकतं, पण ती चमक आरशासारखी सपाट असते आणि जाणत्या माणसाला ती क्षणात कळते.

आता आपली दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये चिंच, राख, रांगोळी, रिठा, अलीकडे पितांबरी लावून लख्ख घासायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामागे भक्ती आहे, घरच्या बाईचे कष्ट आहेत. पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ऐंशी दिवाळ्यांना ऐंशी वेळा ती कातडी खरवडली गेलेली असते. अशा नाण्याला ग्रेडिंग कंपनी आकडा देत नाही. चिठ्ठीवर 'डिटेल्स' असा शेरा येतो आणि पुढे कारण: घासलेलं, ओरखडलेलं, दुरुस्त केलेलं. म्हणजे नाणं खरं आहे, नक्षी इतकी शिल्लक आहे, पण पृष्ठभाग बिघडलेला आहे. फी पूर्ण जाते आणि हाती येतो तो शेरा, जो वाचून घेणारा भाव पाडतो.

दुसरी तितकीच घरगुती गोष्ट म्हणजे डाख. आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळेत ओवायची पद्धत होती. पुढे कडी काढली तरी वरच्या काठाला डाखाचा ठिपका किंवा घासलेली जागा राहते. तिथेही 'डिटेल्स' ठरलेलं.

चांदीवर वर्षानुवर्षांत चढलेला काळसर, निळसर, सोनेरी रंग हा मळ नव्हे. त्याला टोनिंग म्हणतात आणि तो नैसर्गिक, एकसारखा असेल तर संग्राहक त्याचे जास्त पैसे देतात. तो काढून टाकला की नाण्याचं वयच पुसलं जातं.

आधी आपल्या तराजूवर

कुठेही पाठवायच्या आधी घरी किंवा ओळखीच्या सराफाकडे तीन गोष्टी तपासून घ्या: वजन, साल, धातू.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. हाच जुना तोळा. वाण्याकडचं 'रुपयाभार' हे माप यातूनच आलं. आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा धरतात, म्हणून गोंधळ होतो. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध. १९४० पासून ती निम्म्यावर आली, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ चे रुपये शुद्ध निकेलचे, त्यांना लोहचुंबक चिकटतं. ते चिकटलं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. पण १९०५ चा चांदीचा रुपया चुंबकाला चिकटला, तर तो बनावट आहे.

सालाचंही तसंच. १८६२ पाहून पुष्कळ जण हरखतात. खरं तर १८६२ हेच साल कायम ठेवून टांकसाळींनी पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले, त्यामुळे हे नाणं भरपूर सापडतं. त्यातले जाणकार मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजून प्रकार ओळखतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला आणि आकडा बदललेली नाणी बाजारात फिरतात. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपयाही मागणीत असतो. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि पुढच्या वर्षापासून हत्तीची आकृती बदलली. आजही संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात.

शंका कुणाची, आणि ती किती महाग आहे?

आता निर्णय. नाणं समोर ठेवून स्वतःला विचारा की या नाण्याबद्दल घेणाऱ्याला कोणती शंका येईल. १९३९ चा रुपया असेल तर पहिली शंका 'खरा आहे का?' ही येते, आणि ती लाखमोलाची असते. तिथे ग्रेडिंग करून घ्यावं असंच माझं मत आहे. १९४४ चा झिजलेला रुपया असेल तर कुणाला शंकाच येत नाही. तो खरा असतो, साधा असतो आणि चांदीच्या भावापेक्षा थोडाफार जास्त मिळवतो. तिथे न आलेली शंका मिटवायला पैसे कशाला घालायचे?

मधल्या नाण्यांसाठी कागद-पेन्सिल घ्या. समजा एक रुपया तसाच विकला तर ३००० येतात आणि चांगल्या ग्रेडच्या डबीत ५५०० येतात. फी, जाण्यायेण्याचा विमा, टपाल, कर, मध्यस्थाचं कमिशन मिळून २५०० झाले, तर महिनोन्‌महिने वाट पाहून हाती शून्य उरलं. या हिशेबात एक शिस्त पाळा: तुम्हाला ६४ ची आशा असेल तर किंमत ६३ ची धरा. आपल्या घरातलं नाणं आपल्याला नेहमी एक पायरी वरचं दिसतं. आणि किंमत बघायची ती लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांची. विकणाऱ्याने फोनवर टाकलेली मागणी म्हणजे किंमत नव्हे.

विकायचंच नसेल तर? एक प्रसंग असा आहे जिथे तरीही मी हो म्हणेन. संग्रह मोठा आहे, आपल्या माघारी मुलांना त्यातलं काही कळणार नाही आणि त्यातली दोन-चार नाणी खरंच मोलाची आहेत. तेवढी दोन-चार डबीबंद करून ठेवली, तर उद्या कुणी त्यांना वजनावर फसवू शकणार नाही. बाकीच्यांसाठी आपल्या हस्ताक्षरातली वही पुरते.

कायद्याची पायरी

परदेशात पाठवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींबाबतच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं. पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे, खाजगी माणसाला नाही. म्हणजे व्हिक्टोरियाचा, एडवर्डचा किंवा १९११ चा रुपया ग्रेडिंगसाठी म्हणून पाकिटात घालून अमेरिकेला पाठवणं हा गुन्हा आहे, परत येणार असला तरी. "आम्ही पाठवतो, तुम्ही काळजी करू नका" असं सांगणाऱ्या मध्यस्थाला एकच प्रश्न लेखी विचारा: नाणं प्रत्यक्ष कुठल्या शहरात तपासलं जाणार? उत्तर भारताबाहेरचं असेल आणि नाणं शतक ओलांडलेलं असेल, तर तिथेच थांबा.

शेतात, पाया खणताना किंवा विहिरीत नाणी सापडली तर ग्रेडिंगचा विचारच करायचा नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आपल्या जिल्ह्यात याला विशेष अर्थ आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. तिथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली, आणि ब्रह्मपुरीत मिळालेली समुद्रदेवता पोसायडनची ब्राँझची मूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये पाहता येते. धनुष्यबाण असलेली, प्राचीन काळच्या कुर राजांची नाणी कोल्हापूर परिसरातच सापडली. अशा नाण्याचं खरं मोल ते कुठल्या थरात, कशाबरोबर सापडलं यात असतं. डबीवरच्या चिठ्ठीत ते लिहायला जागाच नसते, आणि नाणं एकदा जागेवरून हललं की ती माहिती कायमची जाते.

"पण डबी असली की फसवणूक नाहीच ना?"

असते. डब्यांच्याही नकला होतात. म्हणून डबीतलं नाणं विकत घेताना चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा आणि तिथे फोटो असेल तर हातातल्या नाण्याशी ताडून बघा. ओरखडे, रंगाचे डाग जुळले पाहिजेत. शिवाय डबी कुणीही बनवू शकतो. नाव न ऐकलेल्या कंपनीची ६६ ही बाजाराने मान्य केलेली ६६ नसते. ज्या मताला घेणारा मानत नाही, त्या मताने त्याची शंका कशी मिटणार?

आणखी एक फसवा आकडा म्हणजे 'या ग्रेडची जगात फक्त तीनच नाणी'. कंपन्या आपण तपासलेल्या नाण्यांची मोजदाद जाहीर करतात, त्यातून हा दावा येतो. अमेरिकन नाण्यांच्या बाबतीत त्याला वजन आहे, कारण तिथे लोक लाखोंनी नाणी पाठवतात. भारतीय नाण्यांत 'फक्त तीन' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की चौथ्याने पाठवलंच नाही.

व्हायरल नाण्यांबद्दल थोडक्यात. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला, ही निव्वळ अफवा आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीरपणे सांगितलं आहे. आधी पैसे भरा म्हटलं की फोन ठेवून द्या.

शिवराईचं काय?

हे मला नेहमी विचारतात आणि मला त्याचं बरं वाटतं. शिवराई हातोड्याने पाडलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर काठाबाहेर जातंच. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी केलेलं सत्तरचं माप इथे तोकडं पडतं. कोणती अक्षरं पूर्ण उमटली आहेत, लेखनाचा प्रकार कुठला, हे शिवराईत ग्रेडपेक्षा मोलाचं असतं. ते वाचणारा अनुभवी संग्राहक गाठा. नकली शिवराया खूप आहेत, म्हणून महाग घेत असाल तर खरेपणाचा दाखला जरूर मागा, आकडा मात्र मागू नका.

ठेवायचं कसं

डबी हवाबंद नसते आणि आपल्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर मुरतो. डबीत असो वा नसो, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्यात बदला. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात. काही वर्षांत त्यांतून हिरवा चिकट थर सुटतो आणि नाणं खातो. नाणं नेहमी काठाला धरून उचला.

काकूंचे अकरा रुपये

आम्ही चंची पांढऱ्या टॉवेलवर रिकामी केली. व्हिक्टोरियाचे चार, त्यातले दोन १८६२ चे. एडवर्डचा एक, १९०६. पाचव्या जॉर्जचे १९११, १९१६, १९१८, १९१९. सहाव्या जॉर्जचे १९४२ आणि १९४४. पहिले नऊ शंभरी ओलांडलेले, त्यामुळे परदेशाचा प्रश्नच मिटला. सगळे दिवाळीत घासलेले, फक्त १९४४ चा कागदात गुंडाळलेला राहिला होता आणि त्याची चकाकी अजून गोल फिरत होती. पण ते साल इतकं सामान्य आहे की डबीचा खर्चही निघाला नसता. १९११ वर काकूंचा जीव होता. भिंगातून पाहिलं तर हत्ती झिजलेला आणि वर काठाला डाखाचा ठिपका. सासूबाईंच्या माळेतला तो मधला रुपया असणार. मागणीतलं साल आहे, म्हणून तो मोडीत घालायचा नाही आणि विकायचा झालाच तर आधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवायचा, एवढं ठरलं. वजनाच्या हिशेबाने नऊ रुपयांत मिळून साधारण ९६ ग्रॅम शुद्ध चांदी, शेवटच्या दोघांत मिळून ११.६६, त्यातून झीज वजा. एकही नाणं ग्रेडिंगला पाठवायचं नाही, यावर आमचं एकमत झालं.

काकूंनी नाणी पुन्हा चंचीत भरायला घेतली. मी म्हटलं, चंची राहू दे, प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट करूया, वर साल लिहूया. त्यांनी मान डोलावली आणि मग विचारलं, "आणि दिवाळीला? काळे रुपये लक्ष्मीपुढं कसे मांडायचे?"

"तसेच मांडा, काकू. हळद-कुंकू विड्याच्या पानावर वाहा, नाण्यावर नको. आणि रांगोळी पाटाभोवती काढा."

"१९११ चा मधोमध ठेवते," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या माळेत होता तसा."